वरचा फोन खांबापर्यंत पोचू देऊ नकोस

मिरज, १० मे

चि. मधुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, शाखेचा चार्ज मिळाला खरा, पण माणसं माझं ऐकतील असं वाटत नाही." रेंज सारखी जात होती, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. पावसाळा तोंडावर आलाय, तू वीज खात्यात नवी अभियंता, तुझी शाखा दापोलीकडची आणि माझा सगळा जन्म विजेच्या लाइनवर गेलेला. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

माणसं ऐकतील गं. हजेरीपटावर सही तुझी असते, ऐकावंच लागतं. मला काळजी दुसरीच आहे. वादळी रात्री तुझा लाइनमन तुला तोंडावर म्हणेल का, "मॅडम, इथं मला भरवसा वाटत नाही, मी चढत नाही"? हे म्हणायची त्याची हिंमत व्हावी, इतकं तुला पावसाआधी जमवायचंय. बाकी कामकाज तू शिकशील, तेवढी हुशार तू आहेसच.

लाइट गेली की काय होतं ते तुला आता कळायला लागलं असेल. पहिल्या दहा मिनिटांत ग्राहकांचे फोन, मग सरपंच, मग कुणा पुढाऱ्याचा पीए, मग उपविभागातून साहेब. सगळे एकच विचारतात, "किती वेळ?" तुझ्याकडे उत्तर नसतं, म्हणून तुझा हात आपोआप लाइनमनच्या नंबरकडे जातो. आणि तो त्या वेळी खांबावर असतो. एका हाताने झुल्याचा दोर धरलेला, खिशात फोन वाजतोय, स्क्रीनवर तुझं नाव. तो फोन घेतो, "होतंच आलंय मॅडम" म्हणतो आणि पुढचं काम घाईने उरकतो. घाईत पहिली सुटते ती अर्थिंगची रॉड, चुकून लाइनमध्ये करंट आलाच तर तो जमिनीत घालवणारी. लाइन बंद आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून रॉड लावायचा कंटाळा येतो. मी जवळून पाहिलेल्या अपघातांत विजेइतकाच घाईचा हात होता.

म्हणून तुला सांगतो, वरून येणारा दाब तुझ्यापाशी थांबला पाहिजे. अभियंत्याचं संकटातलं अर्धं काम हेच आहे. तो दाब तू जशाच्या तसा खाली ढकललास, तर मग तुझी तिथं गरजच काय? साहेबांनी थेट लाइनमनला फोन केला असता.

हे कसं करायचं ते मी २०१९ च्या पुरात पाहिलं. त्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे विचार कर. उपकेंद्रात पाणी शिरलं, डीप्या बुडाल्या. तेव्हाच्या आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. बाहेरचे सगळे फोन स्वतःकडे घेतले आणि लाइनवर काम करणाऱ्या गँगशी बोलायला दुसरा एकच माणूस नेमला. तो माणूस गँगला "किती वेळ" विचारायचा नाही. "काय लागतंय?" एवढंच विचारायचा. दोरी, क्रॉसआर्म, इन्सुलेटर, जेवण, जे लागेल ते. आणि साहेब स्वतः वरच्यांचा फोन यायच्या आत वरच्यांना फोन करायचे. दर दोन तासांनी, ठरलेल्या वेळेला, काही नवं नसलं तरी. "अजून पाणी उतरलेलं नाही, सहा वाजता पुन्हा सांगतो." असं दोन-तीनदा झालं की वरचे फोन निम्मे होतात. समोरच्याला खरी भीती असते ती आपल्याला कुणी काही कळवणारच नाही, याची. ती गेली की तो गप्प बसतो.

तेच गावकऱ्यांचं. "अर्ध्या तासात येते" हे आपल्या खात्यातलं सगळ्यात घातक वाक्य. अर्धा तास उलटला की तो माणूस दुप्पट चिडून फोन करतो आणि पुढच्या वेळी तुझ्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही. माहीत असेल तेवढंच सांग. "झाड पडून अकरा केव्हीच्या लाइनच्या तारा तीन ठिकाणी खांबांमध्ये तुटल्यात, माणसं पोचलीत, आज रात्री येणं अवघड आहे, उद्या सकाळी नऊला कळवते." हे ऐकून माणूस एकदा बोलेल, शिव्याही देईल, पण टाकीत पाणी भरून ठेवायची सोय करेल. सरपंचांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आत्ताच करून ठेव. रात्री नऊला नंबर शोधत बसायला नको.

पूर उतरल्यावर खरी कसोटी लागली. लोकांना लाइट हवी होती आणि त्यांचं चुकत नव्हतं, पिण्याच्या पाण्याचे पंप बंद होते. पण पॅनेलमध्ये गाळ होता. तो धुवायचा, सुकवायचा, मेगर नावाचं यंत्र लावून इन्सुलेशन तपासायचं आणि मगच चार्ज करायचं, म्हणजे वीज सोडायची. घरांतलं वायरिंगही ओलं होतं. सरसकट सप्लाय दिला असता तर भिंतींना करंट आला असता. आधी दवाखाने आणि पाणीपुरवठा, मग मोबाइल टॉवर, मग वस्ती, तीही तपासून. हा क्रम आमच्या साहेबांनी फळ्यावर लिहून ठेवला होता. कुणी ओळख काढून आला की त्याला फळा दाखवायचे. लिहिलेल्या गोष्टीशी भांडणं जड जातं. तुझ्या कार्यालयातही असा फळा असू दे.

त्याच दिवसांतली एक रात्र तुला सांगायची आहे. एका फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एका लाइनवर, तीन गँग काम करत होत्या, तिघांनी वेगवेगळं परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची नोंदलेली परवानगी, घेतलेलं. दोन परमिटं परत आली. तिसरी गँग नाल्यापलीकडे, फोन लागेना. रात्र झालेली, गावात लोक रस्त्यावर आलेले. कुणीतरी म्हणालं, "ते लोक तर मघाशीच आटपत होते, झालं असेल, चालू करा." उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून एक कंत्राटी पोरगा होता. नवीन, मिसरूड फुटलेला. तो रजिस्टर पुढे धरून म्हणाला, "एक परमिट बाकी आहे. मी चालू करणार नाही." त्याच्यापेक्षा मोठ्या हुद्द्याची दोन माणसं त्याच्यावर आवाज चढवत होती. तेवढ्यात आमच्या साहेबांना फोन गेला. ते एवढंच म्हणाले, "रजिस्टरला बाकी आहे ना? मग विषय संपला. माणूस पाठवा." माणूस चिखलातून गेला. तिसऱ्या गँगचा फोन बॅटरी संपून बंद पडला होता आणि दोघं जण तेव्हाही खांबावर जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, बांधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं, त्या पोराला पुढे बोलावलं, त्याचं नाव घेऊन सांगितलं की काल याने काम थांबवलं म्हणून दोन घरं वाचली. आवाज चढवणाऱ्या दोघांची नावं मात्र काढली नाहीत. मधुरा, पुढचं वर्षभर आमच्याकडे "थांबा" म्हणायला कुणाला लाज वाटली नाही. सुरक्षेची शंभर पोस्टरं लावून जे होत नाही ते त्या पाच मिनिटांत झालं. तुझ्याकडे पहिल्यांदा जो कुणी काम थांबवेल, त्याची शंका खोटी निघाली तरी, त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दे. शंका खोटी निघाली तर जरा जास्तच दे.

यातून निघणारा एक नियम घट्ट धर: वेळ ठरवून लाइन कधीही चालू करायची नाही. "पाच वाजता चार्ज करा, तोपर्यंत आमचं होईल" असा तोंडी करार कुणी केला तर तिथल्या तिथे मोड. ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं, त्याच्या तोंडून गँगमधली सगळी माणसं खाली उतरली हे ऐकायचं, ऑपरेटरने ते पुन्हा म्हणून दाखवायचं, रजिस्टरला वेळ लिहायची. कितीही ओळखीचा आवाज असो.

आता तुझ्या त्या ज्येष्ठ तंत्रज्ञाविषयी. तू म्हणालीस की ते तुझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांची नोकरी तुझ्या वयापेक्षा जास्त झाली असेल. कुठला खांब भातखाचरात आहे, कुठल्या दोन खांबांमधल्या तारांवर पोफळी झुकलीय, कुठल्या डीपीचा एबी स्विच, म्हणजे लाइन तोडायचा खांबावरचा स्विच, ओढला तरी एक ब्लेड नीट उघडत नाही, हे कुठल्याच नकाशावर नाही, त्यांच्या डोक्यात आहे. त्यांच्यासोबत प्रत्येक फीडर पायी फिर. गाडीतून नको. वही घेऊन विचार, लिही, आणि त्यांनी सांगितलेलं कामात वापरलंस की "हे काकांनी सांगितलं" असं चारचौघांत म्हण. पण त्यांनी हातमोजे न घालता काम सुरू केलं, तर काम तिथंच थांबव. थांबवायचं सगळ्यांसमोर, बोलायचं मात्र बाजूला नेऊन. आपली माणसं बहुतेक वेळा उलटं करतात, चारचौघांत झापतात आणि काम तसंच चालू देतात.

कंत्राटी मुलांकडे जास्त लक्ष ठेव. उद्या ठेवतील की काढतील या धास्तीपोटी ती कशालाही नाही म्हणत नाहीत. "चढतोस का?" विचारलं की चढतात. त्यामुळे सकाळी काम वाटताना वरिष्ठांचं मत आधी विचारू नकोस. सगळ्यात धाकट्याला पहिल्यांदा विचार, "तुला यात कुठं धोका दिसतो?" मोठा बोलून गेला की धाकटा मान डोलावतो, आणि त्याला दिसलेली गोष्ट त्याच्याकडेच राहते.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा कोरोनाचा लॉकडाऊन होता. आमच्या बाजूच्या गँग कोकणात मदतीला गेल्या. तिथली स्थानिक माणसं खांब उभे करत होती आणि त्यांच्या स्वतःच्या घरांवर कौलं राहिली नव्हती. हे लक्षात ठेव. मोठं वादळ झालं तर सकाळी पहिला प्रश्न कामाचा नसावा, "घरी काय परिस्थिती आहे?" हा असावा. ज्याचं छप्पर उडालंय त्याला ताडपत्री बांधायला अर्धा दिवस सोड. तो दुपारी येऊन दुप्पट काम करेल, आणि नाही केलं तरी त्याला सोडणं बरोबरच आहे. बाहेरून गँग आल्या तर प्रत्येकीबरोबर एक स्थानिक माणूस द्यायचाच. त्यांना तुझी लाइन कुठून कुठे जाते, दुसऱ्या बाजूने सप्लाय येऊ शकतो का, काही माहीत नसतं.

झोपेचं सांगायचं राहिलं. सोळा तास काम केलेला लाइनमन "मी ठीक आहे" म्हणतो, तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. त्याला उतरवायचं काम तुझं. जोड्या पाड, पाळ्या लाव. आणि तूही झोप. तू नसताना निर्णय कोण घेणार त्याचं नाव सगळ्यांना आधीच सांगून ठेव आणि मग त्याने घेतलेला निर्णय सकाळी उठून फिरवू नकोस.

सगळं सुरळीत झालं की दोन दिवसांत सगळ्यांना चहाला बसव. काय झालं, कुठं अडलं, सामान कुठं कमी पडलं, हे विचार. "कुणी केलं" या प्रश्नाने सुरुवात केलीस तर तोंडं बंद होतात आणि पुढच्या वादळात तेच पुन्हा घडतं. जाणूनबुजून नियम मोडणारा असेल तर त्याची गोष्ट वेगळी, तिथं कागद करायला कचरू नकोस. वर अहवाल पाठवशील त्यात काम केलेल्यांची नावं घाल, कंत्राटी मुलांचीही. "शाखेने अहोरात्र परिश्रम घेतले" असं लिहिलं की कुणाच्याच घरी ते वाचून दाखवता येत नाही.

तू मुलगी म्हणून काहींना तुझ्या हाताखाली काम करणं जड जाईल, ते मला दिसतंय. त्यावर भाषणं देऊन उपयोग नाही. रात्री दोनला फॉल्टवर तू हजर असलीस, टॉर्च धरून खाली उभी राहिलीस, आणि साहेबांशी फोनवर "माझी माणसं वर आहेत, मी त्यांना घाई करणार नाही" असं लाइनमनच्या कानावर पडेल अशा आवाजात बोललीस, की तो विषय बराचसा मिटेल. जे तरीही कुरकुरतील त्यांना कुरकुरू दे, काम चोख घे.

आता पावसाला तीन-चार आठवडे आहेत. फांद्या तोडून झाल्या असतील. अर्थिंगच्या रॉड मोजून घे, प्रत्येक गँगकडे कामाच्या दोन्ही बाजूंना लावता येतील इतक्या हव्यात, आणि क्लॅम्प गंजलेले नकोत. तुमच्याकडे किनाऱ्यावर रिसॉर्टं पुष्कळ, घरोघरी इन्व्हर्टरही आलेत. जनरेटर नीट वेगळा जोडलेला नसेल तर बंद लाइनवर उलटा सप्लाय येतो. कुणाकुणाकडे जनरेटर आहे, लाइन आणि जनरेटर यांतलं एका वेळी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच आहे का, याची फीडरवार यादी कर. काकांना बरोबर घे, त्यांना सगळे ओळखत असतील. यादी झाली की मला पाठव, मी डोळ्यांखालून घालतो.

आईने मेतकूट आणि लसणाची चटणी पार्सल केली आहे. रेनकोट जुना झाला असेल तर नवीन घे, पैशाकडे बघू नकोस.

तुझे,
बाबा