सरव्याचा विषय सोडू नकोस

चि. सुवार्ता हिस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझी मेल पप्पांनी मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग नेहमीप्रमाणे चष्मा काढून म्हणाले, "आता तू लिही, मी लिहिलं तर उपदेश होईल." म्हणून मी लिहिते आहे. डॉक्टरेट करायची हे तुझं पक्कं झालंय, पण विषयावर घोडं अडलंय. मार्गदर्शक म्हणतात, नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती बायकांच्या भजनांवर काम कर, भाषा तुझी, माणसं तुझी, काम लवकर उरकेल. आणि तुझ्या मनात मात्र अनुवाद या बायबलमधल्या मोशेच्या पाचव्या पुस्तकातला सरव्याचा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य गरिबांनी वेचण्याचा, कायदा आहे. हिब्रू जमेल का, म्हणून तू कचरतेस.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. सरवा घे.

भजनं हलकी आहेत असं माझं म्हणणं नाही. ना. वा. टिळकांची गीतं म्हणतच मी वाढले, आजही स्वयंपाकघरात तीच तोंडी असतात. पण मी एक पाहत आले आहे. आपल्याकडची मुलगी ईश्वरविज्ञान शिकायला गेली की तिला घरचाच विषय देतात: बोली, चालीरीती, भजन-कीर्तन, फार तर मिशनच्या जुन्या नोंदी. मोशे आणि यशया मात्र ट्यूबिंगन आणि एडिनबरोच्या विद्यापीठांतल्या मुलांनी वाचायचे. म्हणजे आपण माहिती पुरवायची आणि अर्थ त्यांनी लावायचा. असं कुणी मुद्दाम करत नसेल, पण होतं खरं. पंडिता रमाबाई केडगावला बसून म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं आणि तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातून ते छापून घेतलं. १९२२ साली त्या गेल्या, पुस्तक हाती आलं त्यानंतर. तुझं तर अजून तिशीचं वय आहे आणि डोळे शाबूत आहेत. न जमण्यासारखं काय आहे त्यात?

आता सरव्याबद्दल. तू ते पुस्तकात वाचलंस, मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय. ज्वारीची कणसं मोडून झाली, गाड्या खळ्याकडे गेल्या, की महारवाड्यातल्या बायका शेतात उतरायच्या. पण तशाच नाही. आधी बांधावर उभं राहायचं. मालकाच्या गड्याने मान हलवली की मग ओटी खोचून वाकायचं. आजी सांगायची, पहिल्या दिवशी तरण्या पोरींना न्यायचं नाही, आधी म्हाताऱ्यांनी जाऊन गडी कोण आहे ते बघून यायचं. दिवसभर वेचून पायली भरायची नाही, कणसात माती असायची, आणि संध्याकाळी कुणीतरी ओटी उघडून दाखवायला लावायचं, पेंढीतलं तर उचललं नाही ना म्हणून.

हे डोक्यात ठेवून बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाच. अनुवाद २४:१९ म्हणतं, शेतात पेंढी विसरलास तर आणायला परत जाऊ नको, ती परक्याची, अनाथाची आणि विधवेची. लेवीय १९ म्हणतं, शेताच्या कडा कापू नको. म्हणजे तो हक्क झाला. पण रूथ परकीही आहे आणि विधवाही, तरी ती कापणी करणाऱ्यांच्या मुकादमाकडे परवानगी मागते. शेताचा मालक बवाज तिला सांगतो, गड्यांना तुला हात लावू नका म्हणून बजावलंय. कायदा होता, तर हे बजावायची वेळ का आली? माझ्या आजीने हे वाक्य एकदा ऐकलं असतं तर तिला टिपांची गरज पडली नसती. सगळ्या टीकाकारांनी बवाजाच्या उदारपणाचे गोडवे गायलेत. बांधावर उभ्या असलेल्या बाईच्या बाजूने त्या ओळी किती जणांनी वाचल्या, ते तू शोध.

पुढे मिश्ना या यहुदी कायद्याच्या जुन्या संग्रहामध्ये या एका विषयावर 'पेआ' नावाचं आख्खं प्रकरण आहे, हे तूच मला सांगितलंस. कड सोडायची ती साठाव्या हिश्शाहून कमी नको, दोन कणसं एकत्र पडली तर गरिबाची, तीन पडली तर मालकाची. मी गणिताची शिक्षिका, मला हे वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. दोन की तीन यावर ज्यांनी वाद घातला, त्यांनी निदान तो दाणा मोजला. तुझ्या प्रबंधाचा प्रश्न इथेच आहे असं मला वाटतं: दान आणि हक्क यांच्यामधली रेघ त्या कायद्यात कुठे पडते, आणि ती कोणाच्या मर्जीवर राहते. हा प्रश्न भजनांच्या ध्वनिफितींतून सुटणार नाही. त्याला हिब्रू लागेल.

आणि याला आपल्यात वाट नाही असंही नाही. तुमच्याच बंगळुरूत, युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ साली आपल्या मराठी मंडळींपैकीच अरविंद निर्मल यांनी शूद्र ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. दलित ईश्वरविज्ञान म्हणून आज जे शिकवतात त्याची सुरुवात तिथून धरतात. पुढे त्यांनी आधार कशाचा घेतला? अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायाचा, 'माझा पूर्वज भटकणारा अरामी होता' या कबुलीचा. आमच्या पूर्वजाला तर भटकायचीही मोकळीक नव्हती, असं ते म्हणाले. तू त्याच पुस्तकात दोन अध्याय मागे जाऊन बसणार आहेस.

भाषांचं मात्र आधी उरक. हिब्रूची परीक्षा कशीबशी पास होणं वेगळं आणि हिब्रू बायबलच्या स्टुटगार्ट आवृत्तीच्या पानाखालच्या बारीक टिपा वाचता येणं वेगळं. जर्मनही लागेल, कारण अनुवादावरचं निम्मं भांडण त्याच भाषेत झालंय. बंगळुरूला मॅक्सम्युलर भवन आहे, संध्याकाळच्या वर्गाला नाव घाल, फीचं आम्ही बघू. जाडजूड प्रबंधाचं दडपण घेऊ नकोस. डे वेट्टे या पंचविशीतल्या जर्मन पोराने १८०५ साली येना इथे चिमुकला प्रबंध लिहिला आणि त्यातल्या एका तळटिपेत सुचवलं की योशीया राजाच्या काळी मंदिरात सापडलेलं नियमशास्त्राचं पुस्तक ते हेच, अनुवाद, असावं. दोनशे वर्षं झाली, अजून सगळे त्या तळटिपेशी झुंजताहेत. (त्याच साली सेरामपूरला विल्यम केरीने मराठीचं व्याकरण छापलं. मूळचा चपला शिवणारा माणूस. तुझी पदवी सेरामपूरचीच म्हणून आठवलं.) आणि ते सापडलेलं पुस्तक खरं की काय हे विचारायला राजाने माणसं कोणाकडे धाडली? हुल्दा संदेष्टीकडे. बाईकडे. हे आपल्या चर्चच्या पंचमंडळींना अधूनमधून ऐकवत जा.

पंचमंडळींवरून आठवलं. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर दोघांनी मला दारातच गाठलं. "बाई, पोरगी फार शिकली की विश्वास जातो, मोशेनेच लिहिलं नाही म्हणतात म्हणे तिकडे." मी म्हटलं, म्हणतात. पुढे काही बोलले नाही, उन्हात उभं राहून पंचग्रंथाची, मोशेच्या नावावरच्या पाच पुस्तकांची, चर्चा होत नाही. पण तुला सांगते, ही भीती मी थट्टेवारी नेत नाही. त्या जर्मन वेलहाउझेनचं तूच सांगितलं होतंस. पंचग्रंथाचे थर उलगडणारा एवढा मोठा पंडित, १८८२ साली ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातली ईश्वरविज्ञानाची जागा आपण होऊन सोडून गेला. कारण काय, तर पाळक घडवणं हे माझं काम आहे आणि माझ्या शिकवण्याने मुलं त्या कामाला नालायक होताहेत. मग हाले इथे जाऊन सेमिटिक भाषा शिकवत बसला. पप्पांना तो पळपुटा वाटतो. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडतो, पण त्याने निवडलेली वाट नाही. मंडळी एका बाजूला आणि अभ्यास दुसऱ्या बाजूला अशी वाटणी त्याने करून टाकली. तू ती करू नकोस. जे बंगळुरूत लिहिशील ते इथल्या बायकांच्या सभेत, गुरुवारी दुपारी, चटईवर बसून सांगता आलं पाहिजे. सोपं करून नाही, आहे तसं. त्यातल्या तिघी-चौघींनी स्वतः सरवा वेचलाय, त्या तुला आडवे प्रश्न विचारतील. ते प्रश्न लिहून घे, तोंडी परीक्षेत तेवढे अवघड कुणी विचारणार नाही.

विश्वासाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. काही दिवस प्रार्थना कोरडी वाटेल, तसं पप्पांना बी.डी.च्या, ईश्वरविज्ञानाच्या पदवीच्या, वेळी झालं होतं. तेव्हा ते स्तोत्रं नुसती वाचायचे, मागायचे काही नाही. तसं झालं तर फोन कर, मी 'प्रार्थना कर' म्हणून सांगणार नाही.

लग्नाचं मावशी विचारते. मी तिला म्हटलं, स्थळ आलं तर सांग, थांबवून ठेवायला कुणी सांगितलेलं नाही आणि घाईही नाही. शिष्यवृत्ती मंडळाकडून मिळाली तर घे, पण "परत येऊन अमुक ठिकाणी शिकवीन" असं काही लिहून मागत असतील तर सही करण्याआधी कागद पप्पांना पाठव. ते अशा कागदांत मुरलेले आहेत.

मार्गदर्शकांशी भांडू नकोस. प्रस्तावाची चार पानं सरव्यावर लिही, रूथचा दुसरा अध्याय मुळातून स्वतः उतरवून सोबत जोड, आणि नुसतं त्यांच्यापुढे ठेव. नाही म्हणाले तर कारण लेखी माग, गोड बोलून. आजीच्या सरव्याच्या आठवणी धाकट्या मामाकडे जास्त आहेत, मी त्याला रविवारी फोनवर बसवते. तू प्रश्न आधी पाठवून ठेव, नाहीतर तो ऊस आणि पाणीपट्टीवर जातो.

तुझी,
मम्मी