पौर्णिमेला ये!

बोरिवली,
पौष शुद्ध सप्तमी

प्रिय मेधा,

तारखेऐवजी तिथी घातली म्हणून हसू नकोस. मी काही एकदम सोवळी झालेली नाही. कारण पुढे येईलच.

फोनवर तू म्हणालीस ते डोक्यात राहिलं होतं. मुंबईला आलं की कुठेही पाऊल टाका, चार माणसांचे तीन हजार गेलेच. तुझं खोटं नाही. पण परवा मी आणि वहिनी विरारजवळ अर्नाळ्याचा किल्ला बघून आलो, तेव्हापासून तुला लिहायचं घाटत होतं. लोकल, बस आणि होडी, जाऊन-येऊन माणशी सव्वाशेच्या आत. जेवण आणि सुकी मासळी वेगळी, आणि मासळीच्या बाबतीत वहिनींच्या हाताला लगाम नाही, ही गोष्टही वेगळी.

जायचं अगदी सोपं आहे. सकाळी सगळी मुंबई चर्चगेटकडे लोटते तेव्हा आपण विरारकडे जायचं. खिडकी मिळते, पाय पसरता येतात. विरार पश्चिमेला उतरून अर्नाळ्याची बस पकडायची. वाटेत आगाशी लागतं. तिथली सुकेळी तुला आठवतात का? शाळेत डब्यात आणायचीस ती नव्हे, ती बाजारातली होती. ही राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारख्या रंगाची. येताना घेऊ म्हणून पुढे गेलो.

अर्नाळ्याला पोचलो तर समुद्रच जागेवर नव्हता! नुसती ओली वाळू आणि चिखल, आणि लांबवर पाण्याची रेघ. पलीकडे बेटावर किल्ला, अगदी समोर. होडी मात्र पार खाली उभी. चपला हातात, साड्या वर खोचलेल्या, अशा आम्ही निघालो. होडीत कोण होतं माहीत आहे? दप्तरं घेतलेली पोरं, गॅसचं सिलिंडर, भाजीची पोती, आणि एक बाई चक्क नवीन मिक्सर घेऊन. सहलीचे म्हणून आम्ही दोघीच. बेटावर कोळ्यांची भरली वस्ती आहे, ग्रामपंचायतसुद्धा त्यांची स्वतंत्र. त्यांच्या लेखी ती होडी म्हणजे आपली रिक्षा. तेव्हा फोटोसाठी मध्ये उभं राहून वाट अडवायची नाही, हे तुझ्या लेकीला आधीच सांगून ठेव.

वैतरणा नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखावरच हे बेट. म्हणून तर सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. आधी गुजरातचे सुलतान, मग पोर्तुगीज, आणि १७३७ मध्ये मराठे. पोर्तुगीजांची वसई मराठ्यांनी घेतली १७३९ ला, म्हणजे त्याच्या दोन वर्षं आधी हे ठाणं हातात आलं होतं. महादरवाजावर हत्ती कोरलेत आणि वर शिलालेख आहे. बाजीरावाने शंकराला, म्हणजे शंकराजी केशवांना, आज्ञा केली की 'पाश्चात्यासि वधूनि सिंधुउदरी बांधा त्वरें जंजिरा', म्हणजे पोर्तुगीजांना मारून समुद्रात झटपट किल्ला बांधा. त्यातलं 'त्वरें' मला फार आवडलं. वरून साहेब सांगणार 'लवकर करा', आणि चुना-दगड होडीतून वाहणारे दुसरेच! आत गेलीस तर तोफा-बिफा शोधू नकोस. आत शेती आहे. गोड्या पाण्याच्या विहिरी, भाज्यांचे वाफे, त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि त्याच्यापुढे अष्टकोनी तळं. तटावरून चक्कर मारली की एकीकडे खाडी, एकीकडे उघडा समुद्र, आणि दक्षिणेला तटापासून सुटा, एकटाच उभा असलेला बुरूज. किल्ल्यात एवढं पुरे. मला खरं तर बाहेर जास्त वेळ लागला.

बाहेर वलांडी होत्या. म्हणजे बांबूंची चौकट आणि त्यावर ताणलेल्या आडव्या दोऱ्या. एक मावशी त्यावर बोंबील चढवत होत्या. ताजा बोंबील तू पाहिला आहेस, किती लिबलिबीत, धरला तर हातातून सुटणारा. मावशी दोन बोंबील उचलायच्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायच्या आणि जोडी दोरीवर टाकायच्या. गाठ नाही, खिळा नाही. बोंबलाचे दातच त्याला धरून ठेवतात. हात इतके भरभर चालत होते की मला चार-पाच जोड्या झाल्यावर काय चाललंय ते कळलं. पलीकडच्या रांगेतले आदल्या दिवसांचे होते, ते कडक होऊन वाऱ्यावर वाजत होते.

वहिनींनी विचारलं, ताजं काय आहे? मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "आज काय मिलनार बाय? पानी उतरलं. पुनवेला ये."

मग बसलोच तिथे. त्यांनी जे सांगितलं ते असं. इथली बरीचशी मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं भलं मोठं जाळं, तोंड रुंद आणि शेपूट निमुळतं. समुद्रात खुंट रोवून त्याला ते बांधायचं आणि गप्प बसायचं. मासळीच्या मागे धावायचं नाही, पाण्याचा ओढाच बोंबील, करंदी, मांदेली आत लोटतो. ओढा जितका जोरात तितकी जाळ्यात भर. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला टोपल्या भरतात आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी मंद झालं की हात रिकामे. आम्ही गेलो पंचमीला. आम्ही कॅलेंडरवर 'बुधवार, गर्दी नसेल' एवढंच पाहिलेलं!

आणि भरतीचा हिशेब तर इतका सोपा की आपल्याला शाळेत कुणी कसा सांगितला नाही? तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, आली भरतीची वेळ. पंचमी, म्हणजे पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणून सकाळी साडेनवाला आम्ही चिखलात! तीनला परत निघालो तेव्हा होडी पार वर आलेली आणि सकाळी जिथे चाललो तिथे डोक्यावरून पाणी. वद्य पक्षालाही हाच हिशेब. थोडंफार इकडे-तिकडे होतं, पण सहलीला चालतं.

जेवण एका घरी सांगून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, करंदीचं कालवण, तळलेली मांदेली. मांदेली काट्यासकट कुरकुरीत. मी दोन भाकऱ्यांवर थांबले. वहिनींबद्दल काही लिहीत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू विचारलंस, कोणत्या रविवारी येऊ? रविवार सोड, पौर्णिमेच्या आसपास ये. सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे दहाला पलीकडे आणि दीडच्या आत परत. दोन्ही वेळा पाणी वर असेल, तुझ्या सासूबाईंना चिखल फारसा तुडवावा लागणार नाही. गुडघाभर पाण्याची तयारी मात्र ठेवायला सांग. आणि मासळीही भरपूर. फक्त ती पौर्णिमा सोमवारी किंवा गुरुवारी पडत नाही ना ते बघ. समुद्राला उधाण आणि तुमच्या घरी वरणभात, असं नको व्हायला! सासूबाई पौर्णिमाच पाळत असतील तर त्रयोदशीला या, तेव्हा भरती पावणेदहाला. मग साडेआठलाच होडीत बसायचं आणि बारा वाजायच्या आत परतायचं.

पुढे ढकलू मात्र नकोस. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, आणि पावसाळ्यात त्या होडीत मी तुला बसू देणार नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात तटावर सावली नाही. आत्ताच बरं आहे. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, पायाला रबरी चपला आणि सुटे पैसे आण. प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथे टाकायच्या नाहीत, त्या जाळ्यात जातात. बेटाच्या एका अंगाला समुद्र आत घुसतोय, तिथे पडक्या भिंती दिसतात. लेकीने विचारलं तर सांग, लपवू नकोस.

नंदूभावजींना मासळीचा वास सोसत नाही हे माहीत आहे. त्यांना बुरुजावर बसवू, वारा समुद्राकडून येतो.

पंचांग बघून लगेच कळव. वहिनी पण येणार म्हणतायत, न बोलावता.

तुझी,
शुभा

ता. क. वहिनींनी तुझ्यासाठी अर्धा किलो जवळा घेतलाय. नागपूरला कुरियरने पाठवला तर कुरियरवाला माझ्या दारात परत पाय ठेवणार नाही, तेव्हा इथेच डब्यात ठेवलाय. येऊन घेऊन जा.