कानस राहू द्या, आधी मॅगझिन तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला कोल्ट १९११ पिस्तुलावरचा लेख वाचला. जॉन ब्राउनिंगच्या रचनेचा इतिहास त्यात चांगला आला आहे. शेवटी मात्र 'पिस्तूल अडकत असेल तर फीड रॅम्प (गोळीला बॅरलमध्ये चढवणारा उतार) कानशीने गुळगुळीत करावा' असा सल्ला दिला आहे, तो कृपया मागे घ्यावा. इथे अमेरिकेत हे पिस्तूल अनेकांकडे आहे, आपला अंक ऑनलाइन वाचणारेही बरेच आहेत. उद्या कुणी खरंच कानस घेऊन बसायचा.

मार्च १९११ च्या अंतिम चाचणीत हे पिस्तूल ६००० गोळ्यांत एकदाही अडकलं नव्हतं. २९ मार्चला अमेरिकी लष्कराने ते स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत तेच अधिकृत पिस्तूल होतं. तेव्हा 'जुनी रचना, म्हणून अडकते' हे काही पटत नाही. अडकतात ते झिजलेले सुटे भाग, आणि त्यातही सर्वांत स्वस्त भाग आधी.

रॅम्पचंच घ्या. फ्रेमवरचा (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावरचा) उतार आणि बॅरलचा उतार यांच्यात, बॅरल खाली-मागे दाबून धरल्यावर, सुमारे १/३२ इंचाची, म्हणजे ०.८ मिमीची फट असावीच लागते. बघणाऱ्याला ती कारखान्यातली चूक वाटते आणि तो दोन्ही उतार एकसारखे करायला जातो. फट गेली की गोळीचं टोक बॅरलच्या खालच्या कडेवर आपटतं आणि बॅरल वेळेआधीच वर ढकलली जाते. बॅरलचा उतार जास्त खाल्ला, तर काडतुसाच्या बुडाला खालून आधार उरत नाही. पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) तिथे फुगते, क्वचित फुटतेही. शिवाय फ्रेम हाच सीरियल नंबरचा भाग. तो बिघडला की नवीन फ्रेम म्हणजे इथल्या कायद्याच्या हिशेबाने नवं हत्यार घेणंच.

मग बघायचं कुठून? मॅगझिनपासून, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीपासून. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला क्रमांक घाला आणि कोणत्या क्रमांकावर पिस्तूल अडकतं ते टिपून ठेवा. दर वेळी तोच क्रमांक येत असेल तर दोष पिस्तुलात नाही. गोळीचं टोक खाली घुसून रॅम्पच्या पायथ्याशी अडत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे. शेवटची गोळी उडाल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे थांबत नसेल तरी पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. मॅगझिनचे ओठ वाकले असतील तर पक्कडीने सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, मॅगझिनच बदलावं.

त्यानंतर रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला परत पुढे ढकलणारी. पाच इंची बॅरलच्या .४५ पिस्तुलाला १६ पौंडी, सव्वाचार इंची बॅरलच्या कमांडर या आखूड मॉडेलला १८ पौंडी. दोन-तीन हजार गोळ्यांनंतर ती बदलावी आणि तिच्याबरोबर फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईची) स्प्रिंगही. रिकॉइल स्प्रिंग थकल्याची खूण म्हणजे पुंगळ्या पूर्वीपेक्षा लांब पडू लागतात आणि स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते. 'जड घातली की जास्त टिकेल' हा हिशेबही चुकतो. जड स्प्रिंगने स्लाइड इतक्या वेगाने पुढे येते की मॅगझिनला पुढची गोळी वर आणायला सवडच मिळत नाही.

काम सुरू करताना मॅगझिन काढावं, चेंबर (बॅरलमध्ये काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासावं, जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. चष्मा हवाच. बुशिंग (बॅरलच्या तोंडाभोवतीची कडी) फिरवताना रिकॉइल स्प्रिंगच्या टोपीवर अंगठा पक्का धरावा, नाहीतर टोपी थेट डोळ्याकडे येते. जोडताना स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडवणारी कळ) चापाच्या वर फ्रेमवरून घासत फिरवू नये. कित्येक पिस्तुलांवर तिथे दिसणारा अर्धगोल ओरखडा त्यातूनच येतो. बारीक पट्टीने प्लंजर (स्प्रिंगवरची छोटी खिट्टी) आत दाबून स्टॉप सरळ आत ढकलला की ओरखडा उठत नाही.

पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकते किंवा कधी उजवीकडे, कधी कपाळावर येते, तेव्हा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा असलेली दांडी) बघावा. स्लाइड काढून नकली काडतूस खालून त्याच्या आकड्यात सरकवावं. हळू हलवल्यावर ते टिकलं पाहिजे, जोरात झटकल्यावर पडलं पाहिजे. लगेच पडलं तर पकड ढिली आहे. झटकूनही सुटत नसेल तर फार घट्ट आहे, आणि मग गोळी चेंबरच्या तोंडाशी तिरपी होऊन थांबते. एक्स्ट्रॅक्टर अर्धा बाहेर काढून किंचित वाकवावा आणि दर वेळी पुन्हा तपासावं. तो बाहेर काढताना फायरिंग पिन आत दाबून स्लाइडच्या मागची पट्टी खाली सरकवावी लागते; तिथेही अंगठा धरावा, पिन उडते. कोल्टच्या १९८३ नंतरच्या सीरीज ८० मध्ये पिन अडवणारा जादा प्लंजर आहे, तो दाबल्याशिवाय पिन हलत नाही. पट्टी ढिली असेल तर एक्स्ट्रॅक्टर स्वतःभोवती फिरतो आणि पुंगळ्या कुठेही जातात. अशा वेळी थोडी मोठी पट्टी आणून ती बसेल इतकीच घासावी. (कानशीचं घरगुती काम काय ते एवढंच.) गोळी हाताने चेंबरमध्ये टाकून तिच्यावर स्लाइड सोडायची सवय असेल तर नव्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडाही लवकरच तुटेल.

बॅरलला फ्रेमशी जोडणारा छोटा दुवा, म्हणजे लिंक, .२७८ इंची असते. नेम सुधारेल म्हणून लांब लिंक टाकतात, पण मग बॅरल लिंकवरच तोलली जाते आणि बॅरलच्या खालचे लग (पुढे आलेले दाते) तुटतात. कोल्टच्या १९७० च्या सीरीज ७० मधलं बोटांसारख्या पट्ट्यांचं बुशिंग अधूनमधून मोडतं. त्याजागी अखंड बुशिंग घालता येतं, पण ते बॅरलला जुळवून घ्यावं लागतं.

जोडून झाल्यावर रिकाम्या पिस्तुलावर तीन गोष्टी तपासाव्यात. घोडा चढवून सेफ्टी लावावी, चाप ओढून सोडावा. मग सेफ्टी काढल्यावर घोडा जागचा हलता कामा नये. मुठीवरची सेफ्टी न दाबता चाप ओढला तर घोडा पडता कामा नये. मुठीवरची सेफ्टी दाबून, पण स्लाइड पाव इंच मागे धरून चाप ओढला तरी घोडा पडता कामा नये. यातलं एक जरी चुकलं किंवा स्लाइड पुढे येताच घोडा तिच्यामागून खाली आला, तर पिस्तूल भरू नये. सिअर (घोडा अडवून धरणारा भाग) आणि घोड्याच्या खाचा हे घरी घासायचे भाग नव्हेत, पिस्तूल बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावं.

महाराष्ट्रातल्या परवानाधारकांनी फक्त साफसफाई तेवढी घरी करावी. शस्त्र कायदा १९५९ नुसार दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. दुसऱ्या महायुद्धातलं रेमिंग्टन रँड किंवा इथाका कंपनीने बनवलेलं हे पिस्तूल कुणाकडे असेल तर फक्त स्प्रिंगा बदलाव्यात आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावेत.

आपले,
ह्यूस्टन, टेक्सास येथील काही वाचक