मालशेजला यायचंय तर खालून ये

प्रिय बाळा,

मी सायकलने मालशेज घाट चढून आले म्हटल्यावर फोनवर तू एवढा हसलास की मी फोन ठेवूनच दिला, म्हणून आता लिहितेय. हो, मालशेज. हो, सायकलने. आणि ठाण्याहून, घरून, सायकली गाडीत टाकून पायथ्याशी जाऊन वगैरे नाही. बाबांना विचार, पहाटे साडेतीनला उठून त्यांनीच चहा करून दिला आणि परत पांघरूण घेऊन झोपले.

तुझा हॉस्टेलच्या पोरांबरोबरचा प्लॅन कळला, पुण्याहून नारायणगाव, ओतूर करत मालशेजला जायचं, फोटो काढायचे आणि मागे फिरायचं. जा की, मी कशाला नको म्हणू. पण राजा, त्या बाजूने मालशेजचा घाट लागतच नाही रे. तुम्ही आधीच देशावर, वर बसलेले, कड्यावर येऊन खाली बघणार आणि म्हणणार मालशेज केला. तो कल्याणकडून चढायचा. आणि खरं सांगू का, त्यातला घाट हाच सोपा भाग आहे, माणूस दमतो तो घाटाच्या आधी, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

आमची येऊरच्या डोंगरात सायकल चालवणारीच नेहमीची गँग होती, बँकेतली मैत्रीण, दोन आयटीवाली पोरं, आणि समोरच्या बिल्डिंगमधले काका, तेच, रिटायर झाल्यावर सायकल घेतलेले. चारला माजिवड्याला भेटलो, खारेगाव, मग रांजनोली नाक्यावरून उजवीकडे कोनगाव, दुर्गाडीचा पूल. हा पट्टा अजिबात आवडला नाही मला. भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर रात्रभर चालू असतात, मागून लाइट आला की खांदे आपोआप आवळले जातात. एका मागे एक, ब्लिंकर लावून, कुणी शहाणपणा करायचा नाही असं आधीच ठरलं होतं. कल्याण ओलांडून शहाडचा पूल, म्हारळ, वरप, कांबा करत रायत्याला उल्हास नदीवर आलो तेव्हा कुठे उजाडायला लागलं आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

गोवेलीच्या पुढे पंक्चर. माझं नाही, मैत्रिणीचं. नवीन ट्यूब टाकली, हवा भरली, दहा मिनिटांत परत बसली. दुसऱ्यांदा काकांनी टायर पूर्ण उलटा केला आणि आतून बोट फिरवत गेले, अगदी हळू, तांदूळ निवडतात तसं, तर केसाएवढी तार टोचली त्यांना. ट्रकचे टायर फुटतात ना, त्यांच्यातल्या तारेचे तुकडे हायवेच्या कडेला पडलेले असतात, बाहेरून दिसतच नाहीत. नखाने निघेना, शेवटी माझ्या पर्समधल्या चिमट्याने काढली. (हो, सायकलवर पण पर्स असते माझी, हसू नकोस.) तेव्हा नुसती ट्यूब बदलून मोकळं व्हायचं नाही, टायर आतून चाचपायचाच.

मुरबाडला मिसळ खाल्ली. तिथपर्यंत सगळे तोऱ्यात. मग सरळगाव, टोकावडे, आणि इथे खरी परीक्षा. रस्ता दिसायला सपाट दिसतो पण सारखा थोडा वर थोडा खाली, ऊन डोक्यावर यायला लागलेलं, समोर सह्याद्रीची भिंत दिसत राहते आणि तासभर पाय मारले तरी ती जवळ येत नाही. आयटीवाली पोरं इथेच पुढे पळाली, अ‍ॅपवर काय स्पीड येतोय बघत, आणि वैशाखऱ्याच्या अलीकडे झाडाखाली आडवी झालेली सापडली. पोटात काही नाही, बाटल्या रिकाम्या. माझ्याकडे तूप-साखर पोळीचे रोल होते मागच्या खिशात, घामाने जरा मऊ झालेले, ते एरवी प्रोटीन बार खाणाऱ्यांनी निमूट खाल्ले. आम्ही दर अर्ध्या तासाला दोन घास खात होतो, भूक लागो न लागो, आणि जो सगळ्यात हळू त्याच्या वेगाने सगळे. काकांचा नियम एकच, चालवताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर गिअर उतरव.

रस्त्याच्या कडेला एक बाई काकड्या घेऊन बसली होती, तिने उभ्या चिरून तिखट-मीठ लावून दिल्या, आणि पैसे घेता घेता माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्हाला कुणी पाठवलं?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

वैशाखऱ्यापासूनच नाणेघाटाची वाट वर जाते, नाणेघाटावरचा नानाचा अंगठा नावाचा कडा तिथून स्पष्ट दिसतो. कल्याण बंदरावरचा माल सातवाहनांच्या काळात ह्याच बाजूने जुन्नरला चढायचा, जकातीचा दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे वर, तुला लहानपणी नेलं होतं, तू रांजणात डोकावून ओरडला होतास. तेव्हा खालून वर जाणं ही काही माझी नवी कल्पना नाही बरं का. पुढे मोरोशीच्या भैरवगडाची ती सरळसोट कातळभिंत, आणि खाली भात पिवळं पडत आलेलं, लवकर तयार होणाऱ्या हळव्या भाताची कापणी काही शेतांत सुरूसुद्धा झालेली. इथे आम्ही मुद्दाम बराच वेळ बसलो.

आणि मग घाट. चढ जवळजवळ एकसारखा आहे, अंगावर येत नाही, सगळ्यात हलका गिअर टाकला की पाय आपले आपले फिरतात. मी एकदाही उतरले नाही! दोनदा थांबले, ते वेगळं. मधल्या छोट्या बोगद्यात मात्र मागचा लाल दिवा चालू पाहिजे, उन्हातून एकदम अंधारात शिरल्यावर गाडीवाल्याला आपण दिसत नाही. वर साधारण सातशे मीटरवर पोचलो तर वारा इतका गार की घामाचा टीशर्ट अंगाला चिकटून हुडहुडी भरली.

येताना छोटा हत्ती टेम्पो केला होता. सायकलींच्या मधे जुन्या गोधड्या घातल्या, मागच्या गिअरची बाजू वर ठेवून, नाहीतर खड्ड्यात वाकतो तो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून सरळगावपर्यंत झोपले.

तर आता ऐक. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अजिबात जायचं नाही, दरडी पडतात, आणि धबधब्यापाशी गाड्यांची जत्रा असते, सायकलला जागाच नाही. दिवाळीला येशीलच, भाऊबीज झाली की आपण दोघं आणि काका निघू. तुझ्या मित्रांनाही आण, पोळ्या मी करते. तुझ्या मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकाला गिअरची दातेरी चक्रं असतात ना, त्यातलं सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं आहे ते मोजून ठेव, अठ्ठावीसचं असेल तर बदलून घेऊ, दात जास्त तेवढा गिअर हलका, मला चौतीसचं आहे म्हणून निभावलं. आणि टायरवर साइज छापलेला असतो तो कळव, व्हॉल्व्ह बारीक आहे की मोटरसायकलसारखा जाड तेही सांग, म्हणजे तुझ्यासाठी दोन ट्यूब आणून ठेवते.

आई