दुसरं कार्ड घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर हवं

मा. संपादक,
स. न.

सदाशिव पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. आसपास लहानमोठी रुग्णालयं असल्यामुळे ते रात्रीही उघडं असतं. रात्री अकरानंतर येणाऱ्याचा पेशंट बहुधा दाखल झालेला असतो, हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि जिन्यावरून तो धावतच आलेला असतो. अशा वेळी बँकेचं कार्ड चाललं नाही तर त्या माणसाची काय अवस्था होते, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. म्हणून हे पत्र. प्रत्येक घरात किमान दोन कार्डं असावीत, ती दोन वेगळ्या बँकांची असावीत आणि त्यांतलं एक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर असावं, एवढं मला कळकळीनं सांगायचं आहे.

कार्ड नाकारलं गेलं की लोक आधी शरमतात. मागे रांग असेल तर मान खाली जाते, कारण सगळ्यांना वाटतं खात्यात पैसे नाहीत. प्रत्यक्षात कारणं वेगळीच असतात. मशीनच्या पडद्यावर किंवा बाहेर आलेल्या कागदावर पुष्कळदा दोन आकडी कोड येतो. ५१ आला तर शिल्लक किंवा मर्यादा खरोखरच अपुरी आहे. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५५ म्हणजे पिन चुकला, ६१ म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम मोठी. पण ९१ आला तर कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणाच उत्तर देत नाही, ग्राहकाचा त्यात काडीचा दोष नाही. बँका सर्व्हरच्या देखभालीचं काम बहुधा रात्रीच काढतात, आणि रात्री धावत येणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. ०५ तर सगळ्यात त्रासदायक, कारण बँक नाही म्हणते आणि का ते सांगत नाही. एरवी किराणा आणि पेट्रोलपुरत्या वापरलेल्या कार्डावर रात्री दोन वाजता परगावी चाळीस हजारांचं बिल आलं की बँकेच्या संगणकाला चोरीचा संशय येऊ शकतो. साताऱ्याहून किंवा बारामतीहून पेशंट घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. घाबरलेल्या माणसाच्या हातून पिनही चुकतो, आणि तीनदा चुकला की बऱ्याच बँका ते कार्ड काही काळ बंदच करतात.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशातला आणि टॅप करून होणारा वापर आपण स्वतः सुरू करायचा असतो. सुरक्षेसाठी हा नियम हवाच. पण मुदत संपल्यावर टपालानं आलेलं नवं कार्ड पाकिटातून काढून तसंच कपाटात ठेवलं जातं. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना तिथल्या हॉटेलात अनामतीसाठी कार्ड मागतात, तेव्हा परदेशातला वापर बंद असल्याचं कळतं. निघायच्या आधी पुण्यातच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते बघून घ्यावं.

'माझ्याकडे दोन कार्डं आहेत' असं सांगणारेही भेटतात. बघावं तर दोन्ही एकाच बँकेची. त्या बँकेची यंत्रणा बंद असेल तर दोन्ही एकदमच बंद. दुसरं कार्ड वेगळ्या बँकेचं हवं आणि शक्यतो वेगळ्या नेटवर्कचं. व्हिसा, मास्टरकार्ड आणि रुपे बहुतेक मशीनवर चालतात. अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स क्लब त्या मानानं कमी ठिकाणी, कारण ती घेण्याची सोय दुकानदाराच्या मशीनवर असावी लागते आणि त्यासाठी पुष्कळदा जास्त शुल्क पडतं. ज्यांचं एकुलतं एक कार्ड या दोहोंपैकी आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. क्रेडिट कार्ड कोणत्या नेटवर्कचं हवं हे बँकेला सांगण्याचा पर्यायही आता आपल्याला आहे. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२४ मध्ये तसा आदेश काढला आणि मोठ्या बँकांना तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून लागू झाला. माझ्या मते दोहोंतलं एक रुपे क्रेडिट कार्ड असावं. २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येतं, म्हणजे दुकानातलं मशीन बिघडलं तरी क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात.

यूपीआय असताना कार्ड कशाला, असं तरुण मुलं म्हणतात. रोजच्या दूध-भाजीसाठी ते खरंच आहे. पण १२ एप्रिल २०२५ आठवा. हनुमान जयंतीचा शनिवार होता, देशभर यूपीआय कोलमडलं आणि दुपारी माझ्या काउंटरवर माणसं फोन हातात धरून उभी होती. त्याआधी २६ मार्चलाही तसंच झालं होतं. विसर्जनाच्या दिवशी तर पेठांमध्ये रस्ते वाहनांना बंद असतात, गर्दीत फोनला रेंज मिळत नाही आणि जवळच्या एटीएमपर्यंत पोचणंही कठीण होतं. रकमेचाही प्रश्न आहे. रुग्णालयाच्या बिलासाठी यूपीआयची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला, तरी तुमच्या बँकेनं स्वतःची मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असू शकते. ती किती आहे ते आजच बघून ठेवा.

आता मूळ मुद्दा. एका रात्री साठीच्या आतबाहेरच्या एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या. यजमानांना हृदयविकाराचा झटका आला होता, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हवं होतं. त्याची किंमत हजारांत असते. त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. कार्ड यजमानांचं, पिन यजमानांनाच माहीत, आणि यजमान वर अतिदक्षता विभागात. पिनशिवाय टॅप करून पाच हजारांपर्यंतचीच रक्कम देता येते. जानेवारी २०२१ पासून ती मर्यादा आहे, आधी ती दोन हजारच होती. यजमानांचा फोन त्यांच्या बोटाशिवाय उघडत नव्हता. मुलगा बंगळूरहून यूपीआयनं पैसे पाठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या बँकेचा सर्व्हर साथ देत नव्हता. बाईंच्या स्वतःच्या नावावर एकही कार्ड नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याची गरज कधी पडली नाही, असं त्या म्हणाल्या.

इंजेक्शन मी दिलं, पैसे दुसऱ्या दिवशी आले. दुकान माझं स्वतःचं आहे म्हणून हे करता आलं. काउंटरवर रात्रपाळीचा पगारी मुलगा असता तर त्याच्या मनात असूनही त्याला ते करता आलं नसतं, आणि त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही.

ही एकच घटना असती तर मी लिहायला बसलो नसतो. कार्डाचा मालक वर खाटेवर आणि खाली उभं असलेलं माणूस रिकाम्या हातानं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता चिठ्ठीआधी मला समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो. आपण विमा काढतो, ठेवी ठेवतो, वारस नेमतो. पण कमावता माणूसच आजारी पडला तर पहिल्या रात्री पैसे कोण देणार आणि कशानं देणार, हे घरात कुणी बोलत नाही. ॲड-ऑन कार्डानं, म्हणजे मूळ कार्डाच्याच खात्यावर घरच्या माणसाला मिळणाऱ्या जोडकार्डानं, अर्धंच काम भागतं. ते पत्नीच्या हातात असतं, त्याला स्वतःचा पिन असतो, हे चांगलंच. पण मर्यादा दोघांची मिळून एकच असते आणि मूळ खातं गोठलं की तेही थांबतं.

पत्नीला स्वतःचं उत्पन्न नाही, तिला कार्ड कोण देणार, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड मिळतं, अनेक बँका ते देतात. पगाराची पावती लागत नाही, ठेवीच्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते आणि ठेवीवरचं व्याजही चालू राहतं. तेही नको असेल तर दोघांच्या संयुक्त खात्याचं डेबिट कार्ड तिच्या नावानं घ्यावं, तिनं स्वतः एटीएमवर जाऊन पिन तयार करावा आणि महिन्यातून एकदा तिनंच ते वापरावं. ज्या हाताला सवय नाही त्याला रात्री दोन वाजता पिन आठवत नाही.

कार्डामुळे कर्ज होतं ही भीती मला मान्य आहे. थकबाकीवर बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर जातं, आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून दुसरं कार्ड वार्षिक शुल्क नसलेलं घ्यावं आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. मात्र ते कपाटात विसरू नये. वर्षभर न वापरलेलं क्रेडिट कार्ड, ग्राहकाला कळवून आणि ३० दिवस उत्तराची वाट पाहून बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. अधूनमधून त्यावर औषधाची एखादी पट्टी घेतली तरी पुरे. आणि दोन्ही कार्डं एका पाकिटात ठेवू नयेत. स्वारगेटच्या गर्दीत पाकीट गेलं तर दोन्ही एकदमच जातात.

शेवटी रुग्णालयांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. रात्री काउंटरवर काय काय चालतं, कोणती कार्डं, यूपीआय किती रकमेपर्यंत, धनादेश घेता की नाही, हे मराठीत मोठ्या अक्षरांत दारातच लावा. दाखल करताना नातेवाइकांना अंदाजे खर्चाचा कागद देता, त्यावरच या दोन ओळी छापता येतील. बँकांनीही कार्ड नाकारल्यावर ग्राहकाच्या फोनवर कारण मराठीत पाठवावं आणि संशय आल्यामुळे थांबवलं असेल तर एका फोनवर ते सुरू करून देणारा माणूस रात्रीही ठेवावा. दुकानाच्या दारावर असा फलक मी लावला आहे. त्यातला मजकूर कुणाला हवा असेल तर त्यानं येऊन खुशाल उतरवून घ्यावा.

आपला,
एक औषधविक्रेता,
सदाशिव पेठ, पुणे ३०