कामाच्या पाळ्यांचा तक्ता आणि प्रार्थनेची वेळ

महोदय,

दूरसंचार अभियंत्याला कुटुंब आणि उपासना सांभाळता येत नाही, हा समज अर्धाच खरा. नेटवर्कमधले नियोजित बदल बहुधा मध्यरात्रीनंतर, वर्दळ कमी असताना होतात. ते आधी ठाऊक असतात. घात करते ती अचानक तुटलेली फायबर केबल. ओटीडीआर हे केबलमध्ये प्रकाश सोडून तूट शोधणारे यंत्र तुटीचे अंतर दाखवते, पण ते आतल्या काचेच्या तंतूच्या लांबीचे. वेटोळ्यांत ठेवलेली जादा केबल वजा केली नाही, तर खड्डा भलतीकडेच खणला जातो आणि प्रार्थनेची वेळ टळते. तंतूचा सुमारे 9 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाभा जोडताना घाई चालतच नाही: टोक पुसायचे, काटकोनात कापायचे, सांध्यावर होणारी प्रकाशाची घट 0.1 डेसिबलच्या आत आली की मगच झाकण लावायचे. पाळीवर दुसरा माणूस ठरलेला असेल, तरच पहिला निर्धास्त घरी जेवतो. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी घरच्यांच्या हाती पडावा.

— एक वाचक