रक्त घ्यायला आलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मंगळवारी तुम्ही आईचं रक्त घेऊन गेलात, तेव्हा माझा घसा इतका भरून आला होता की धड थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही आत आलात, हात धुतलेत, हातमोजे चढवलेत आणि विचारलंत, "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा." मी सवयीने तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. "त्यांनाच सांगू दे, दादा."

दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने आईची उजवी बाजू गेली आणि जीभही जड झाली. तेव्हापासून तिच्या वाटचं आम्हीच बोलतो. ती नुसती मान हलवते, प्रश्न कळो न कळो. तुम्ही मात्र दंडाला बांधायचा पट्टा हातात धरून बसून राहिलात. आधी तिचं नाव आलं. मग बऱ्याच वेळाने बाबांचं. आडनाव तिसऱ्या खेपेला जमलं. तुम्ही चिठ्ठीशी ताडून "बरोबर" म्हणालात, आणि आईने डाव्या हाताने पदर सारखा केला. पाहुणे आले की ती असाच सारखा करायची.

तुमच्यासाठी तो रोजच्या कामाचा भाग असेल. नाव पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचं, असं रक्त कसं घ्यावं यावरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या पुस्तिकेतही आहे, हे मी नंतर वाचलं. पण ते इतक्या मानाने विचारताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कारण आधी आलेल्यांचा अनुभव वेगळा होता. एकाने दारातूनच भलतंच नाव घेऊन "तुम्हीच ना?" विचारलं आणि आईने मान हलवली. मी तिथे नसतो तर त्या बाटलीवर कुणाचं नाव गेलं असतं? दुसऱ्याने स्पिरिट वाळायच्या आत सुई घातली, शीर सापडेना म्हणून आतल्या आत फिरवली, आईला मूठ उघडझाप करायला लावली आणि सिरिंजमधलं रक्त जोराने ट्यूबमध्ये दाबलं. संध्याकाळी रिपोर्ट आला: पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याइतकं जास्त. रात्री अकराला आम्ही तिला उचलून इमर्जन्सीत नेलं. ईसीजी ठीक होता, पुन्हा घेतलेल्या रक्तात पोटॅशियम ४.३ आलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा चढतो. आईला काही झालंच नव्हतं. त्या रात्रीचा तिचा भेदरलेला चेहरा मी विसरलेलो नाही, आणि सकाळी फोन केल्यावर "असं होतं कधी कधी" हे उत्तरही नाही.

तुम्ही लुळ्या हाताला हातच लावला नाहीत. डाव्या हाताची शीर पहिल्या टोचणीत मिळाली. रक्त पातळ होण्याच्या गोळीसाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहायची तपासणी असते, तिची निळ्या झाकणाची ट्यूब बरोबर रेघेपर्यंत भरलीत. मग ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करत आईशी नातवंडांबद्दल बोलत होतात. एखादं तान्हं मूल सांभाळावं तसं ते रक्त तुमच्या हातात होतं. नावाच्या चिठ्ठ्याही आईच्या समोर, पलंगाशी बसूनच लावल्यात.

ताई, मोठी हॉस्पिटलं आणि मोठी मशिनं आम्ही पुष्कळ पाहिली. पण समोरचं माणूस पलंगावर पडून असलं तरी ते माणूस आहे, एवढं ध्यानात ठेवणारे थोडे भेटले. तुमच्यासारखी माणसं सकाळी सहापासून गाडीवर फिरत असतात आणि कुणी त्यांचं नावही विचारत नाही. मीही विचारलं नाही, याची लाज वाटते.

चहा ठेवला होता. "सॅम्पल वेळेत पोचायला हवं," म्हणून तुम्ही डबा उचललात. पुढच्या महिन्यात तो चहा राहिला आहे. आई रोज दुपारी एकटीच आपलं नाव म्हणून बघते. काल आडनाव दुसऱ्या खेपेला आलं.